आवाज न चढवणारा मुख्यमंत्री

मराठी सिनेमातला राजकारणी ओळखायला आपल्याला अर्धा सेकंद पुरतो. पांढरेशुभ्र कडक कपडे, तिरकी टोपी, बोटांत चार अंगठ्या, मागे दोन मिशीवाले. तो तोंड उघडायच्या आधीच कळतं की बॉस, हा माणूस कुणाची तरी जमीन हडपणार. मग तो खर्जात हसतो आणि उरलीसुरली शंकाही फिटते.

असा राजकारणी बघताना आपल्याला फार सुरक्षित वाटतं, नाही? कारण तो लांबून ओळखू येतो. आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या, ईएमआय भरणाऱ्या, शनिवारी पॉपकॉर्न घेऊन बसलेल्या माणसाला तो फसवूच शकणार नाही, अशी आपली पक्की खात्री असते.

'सिंहासन'मधले अरुण सरनाईक ही खात्री काढून घेतात. तीही अगदी हळू आवाजात.

हा सिनेमा 1979 सालचा, म्हणजे माझ्या जन्माच्या बऱ्याच आधीचा. कृष्णधवल. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ ऐवज अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांमधला. साधू स्वतः पत्रकार, तेंडुलकरांनीही पत्रकारितेत उमेदीची वर्षं घालवलेली. त्यामुळे मास कॉमला असताना आम्हाला हा सिनेमा जवळजवळ सिलॅबससारखा दाखवला जायचा. कास्टिंग तर असं की आज डोळे फिरावेत. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणजे डॉ. श्रीराम लागू, कामगार नेता डिकास्टा म्हणजे सतीश दुभाषी, पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. शिवाय डॉ. मोहन आगाशे, श्रीकांत मोघे, रीमा लागू आणि एका छोट्या भूमिकेत तरुण नाना पाटेकर. (गंमत बघा, पटेल बालरोगतज्ज्ञ, लागू कान-नाक-घशाचे सर्जन, आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. महाराष्ट्राच्या राजकारणाची एवढी व्यवस्थित तपासणी त्यानंतर क्वचितच झाली असेल!)

आणि मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे म्हणजे अरुण सरनाईक.

हो, आडनाव शिंदेच. पुढे महाराष्ट्राला खरोखरचे शिंदे मुख्यमंत्री दोनदा मिळाले, 2003 मध्ये सुशीलकुमार आणि 2022 मध्ये एकनाथ. साधूंना ज्योतिष येत होतं असं कुणी म्हणणार नाही, पण योगायोग म्हणून चहाच्या टपरीवर सांगायला भारी आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. मुख्यमंत्र्यांना एक निनावी फोन येतो. तुमच्याविरुद्ध कट शिजतोय, खुर्ची सांभाळा. संशयाची सुई दाभाडेंकडे वळते. मग आमदार, गट, जातींची गणितं, संप, स्मगलर, पैसा, दिल्ली असा सगळा पसारा हलायला लागतो. आणि या पसाऱ्यात मधोमध बसलेला माणूस एकदाही टेबलावर हात आपटत नाही.

पहिल्यांदा हा सिनेमा बघतो तेव्हा आपण निळू फुल्यांकडे बघत असतो. ज्या माणसाला उभ्या महाराष्ट्राने बेरकी पाटील म्हणून शिव्या घातल्या, तोच इथे सगळं कळणारा आणि काहीच करू न शकणारा पत्रकार झालाय. दुसऱ्यांदा आपण लागूंकडे बघतो, कारण त्यांच्या दाभाडेची भूक लपत नाही. खुर्चीकडे बघताना त्याच्या डोळ्यांतला हिशेब स्पष्ट दिसतो. सरनाईक दिसायला लागतात ते तिसऱ्यांदा. आणि मग दुसरं काही दिसतच नाही.

अरुण सरनाईक कोण, हे आमच्या पिढीला सांगावं लागतं. जन्म 1935, कोल्हापूरचे. वडील शंकरराव सरनाईक संगीत रंगभूमीवरचे नामवंत गायक-नट, काका निवृत्तीबुवा सरनाईक जयपूर घराण्याचे मोठे गवई. अरुण स्वतः तबला वाजवायचे, गायचे. 'घरकुल'मधलं पप्पा-मम्मीचं ते गाणं, जे आपल्या आयांनी आपल्याला भरवताना म्हटलं, त्यातला पप्पांचा आवाज त्यांचाच. 'सवाल माझा ऐका', 'एक गाव बारा भानगडी', 'मुंबईचा जावई' अशा सिनेमांमधून महाराष्ट्राने त्यांना देखणा, हसरा, घरातला माणूस म्हणून स्वीकारलं होतं. 1984 साली मोटार अपघातात ते गेले. पन्नाशीही गाठली नव्हती.

म्हणजे विचार करा, राज्यातल्या सगळ्यात पाताळयंत्री माणसाच्या भूमिकेसाठी पटेलांनी निवडला तो मराठी पडद्यावरचा आवडता जावई! अर्धी लढाई तिथेच जिंकलेली. कारण जिवाजीराव हसले की आपल्याला आतून कुठेतरी 'घरकुल'चे पप्पा आठवतात. आपला गार्ड खाली येतो.

उरलेली लढाई सरनाईकांनी जिंकली ती ऐकून.

सिनेमा परत बघाल तेव्हा एक करा. समोरचा नट बोलत असेल तेव्हा सरनाईकांकडे बघा. राजकारणी रंगवायचा म्हटलं की बहुतेक नट बोलण्यावर मेहनत घेतात, म्हणजे भाषणाची लकब, गावरान हेल, दमदाटी वगैरे. सरनाईकांचे जिवाजीराव मुख्यतः ऐकतात. समोरचा माणूस बोलून थांबतो आणि उत्तर यायच्या आधी एक छोटीशी फट पडते. त्या फटीत सगळा सिनेमा आहे. तबला वाजवणाऱ्या माणसाला कुठे वाजवायचं यापेक्षा कुठे थांबायचं हे जास्त कळत असावं. आणि ती शांतता समोरच्याला सहन होत नाही. तो ती भरायला जातो आणि नको ते बोलून बसतो.

दुसरं म्हणजे, या माणसाला भीतीही वाटते. सरनाईक ती लपवत नाहीत, फक्त मिरवत नाहीत. एकटे असताना त्यांच्या चेहऱ्यावर जो थकवा येतो, तो खुर्ची जाईल या धास्तीने झोप उडालेल्या माणसाचा आहे. आणि इथेच आपली विकेट जाते. सिनेमाच्या मध्यावर कधीतरी लक्षात येतं की आपल्याला या माणसाची काळजी वाटायला लागलीये. त्याने राज्यासाठी नेमकं काय केलं, ते आपण विचारतच नाही. त्याची खुर्ची वाचावी, एवढंच वाटतं.

'हाऊस ऑफ कार्ड्‌स' आठवतंय? 1990 सालची मूळ ब्रिटिश मालिका असो की 2013 पासूनची अमेरिकन आवृत्ती, दोन्हींतला कारस्थानी नायक मध्येच कॅमेऱ्याकडे वळतो आणि आपल्याला विश्वासात घेऊन सांगतो की आता मी याला कसा उडवतो ते बघा. आपण त्याचे पार्टनर होतो, मजा येते. जिवाजीराव आपल्याकडे वळत नाहीत. आपल्यालाही तेवढंच कळतं जेवढं समोरच्या आमदाराला कळतं. म्हणजे आपण त्यांचे पार्टनर नाही, आपण त्या रांगेत बसलेले लोक आहोत, काहीतरी मागायला आलेले.

हा माणूस खोटं बोलून जिंकत नाही, हे मला फार नंतर जाणवलं. तो प्रत्येकाला त्याला हवं त्याचा एक खरा वाटणारा तुकडा दाखवतो आणि हातात मात्र देत नाही. मंत्रिमंडळाचं गणितच तसं असतं. त्या काळात पक्षांतरबंदी कायदा नव्हता, तो आला 1985 मध्ये. मंत्र्यांच्या संख्येवर मर्यादाही नव्हती, ती आली 2003 च्या घटनादुरुस्तीने. विधानसभेच्या पंधरा टक्के, म्हणजे आपल्या 288 च्या सभागृहात मुख्यमंत्र्यांना धरून जास्तीत जास्त 43. कायदे बदलले, पण मूळ तत्त्व तेच राहिलं. मंत्रिपद दिलं की एक माणूस खूश होतो आणि दहा नाराज. तेच पद रिकामं ठेवलं की अकराही जण आशेवर राहतात. रिकामी खुर्ची भरलेल्या खुर्चीपेक्षा जास्त लोकांना बांधून ठेवते.

ओळखीचं वाटतंय ना?

माझी एक मैत्रीण आयटीत आहे. तिच्या टीममध्ये लीडची जागा चौदा महिने रिकामी होती. चौघं जण रात्री अकरापर्यंत थांबायचे. मॅनेजर कधी ओरडला नाही, कुणाला काही कबूलही केलं नाही. फक्त प्रत्येकाला कॉफीला घेऊन जायचा आणि म्हणायचा, 'तुझ्याबद्दल वर बोलणं झालंय.' चौदा महिन्यांनी त्याने बाहेरून माणूस आणला. मैत्रिणीला 'सिंहासन' दाखवला, तर अर्ध्यात म्हणाली, 'अगं, हा तर आमचा सर!' आणि मग जे म्हणाली ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. म्हणाली, 'वाईट म्हणजे, मला तो अजून आवडतो.'

आता माझी गोष्ट सांगते.

गेल्या वर्षी मी आमच्या भागातल्या पाण्याच्या टँकरवर एक लेख केला होता. नळाला पाणी वीस मिनिटं आणि टँकर मात्र दारात चोवीस तास, हे कसं काय, एवढाच साधा प्रश्न. लेख छापून आला, सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला, चार लोकांनी अंगठे दाखवले. फ्रीलान्स पत्रकाराचं सेलिब्रेशन एवढंच असतं. मानधन पुढच्या तिमाहीत.

दोन महिन्यांनी कॉलेजातल्या एका सीनियरचा फोन आला. तो आता नेत्यांचं इमेजचं काम बघतो. म्हणाला, 'एक साहेब आहेत, लिहिणारं माणूस हवंय. भाषणं, रील्सच्या स्क्रिप्ट्स, पुढेमागे एखादं पुस्तक. महिन्याच्या महिन्याला फिक्स पैसे.' त्याने आकडा सांगितला. तो माझ्या तीन महिन्यांच्या कमाईएवढा होता. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर, घरभाडं वाढलेलं. मी म्हटलं, भेटायला काय हरकत आहे?

साहेबांचं ऑफिस म्हणजे खाली जिम, वर हॉल. बाहेर तीसेक माणसं हातात अर्ज घेऊन बसलेली. मला वाटलं होतं अंगठ्या, मिशीवाले आणि खर्जातलं हसू बघायला मिळणार. आत एक साधा, चष्मा लावलेला, पन्नाशीचा माणूस बसला होता. उठून उभा राहिला. म्हणाला, 'या ताई, बसा. उन्हातून आलात, आधी पाणी घ्या.'

मग त्यांनी ऐकायला सुरुवात केली.

मी काय लिहिते, कुठे शिकले, घरी कोण असतं. माझं वाक्य संपल्यावर ते लगेच बोलत नव्हते. ती फट! माझ्या अंगावर एकदम काटा आला, कारण ती फट मी तीन वेळा बघितलेली होती. आणि तरीही सांगते, छान वाटत होतं. शेवटचं कधी कुणी माझं बोलणं एवढं लक्ष देऊन ऐकलं होतं, ते मला आठवेना. संपादक ऐकत नाहीत, ते 'मेल कर' म्हणतात. घरचे ऐकत नाहीत, ते 'लग्नाचं काय' म्हणतात. हा माणूस मोबाइल उलटा ठेवून ऐकत होता.

चहा आला. त्यांनी कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, 'आईंचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन कुठे करताय ते सांगा, डॉक्टर ओळखीचे निघतील.'

गुडघ्याबद्दल मी एक शब्द बोलले नव्हते.

मी काहीतरी पुटपुटले. ते हसले. मग अगदी सहज, जाता जाता म्हणावं तसं म्हणाले, 'तुमचा टँकरचा लेख वाचला. छान लिहिता. तो पोरगा आपल्यातलाच आहे, टँकरवाला. त्याला जरा वाईट वाटलं, एवढंच.'

एवढंच. पुढे ना धमकी, ना अट. दुसरा भाग लिहू नका, असंही नाही. खिडकीतून बाहेर बघत बसले. आणि मला त्या शांततेत काहीतरी भरावंसं वाटायला लागलं. जिभेवर वाक्य तयार होतं, 'नाही नाही, तसा काही उद्देश नव्हता.' मी ते गिळलं आणि चहा प्यायले. चहा चांगला होता.

खाली उतरताना सीनियर म्हणाला, 'बघ, किती डाउन टु अर्थ आहेत. उगाच लोक काहीबाही बोलतात.' आणि तो मनापासून बोलत होता.

त्या रात्री मी पुन्हा 'सिंहासन' लावला. या वेळी मला एक गोष्ट खटकली. सरनाईकांच्या जिवाजीरावांना समोरच्या माणसांबद्दल जिव्हाळा आहे की ते सगळं नाटक आहे, हे मी शोधत बसले आणि मला सापडेना. बहुतेक दोन्ही खरं आहे. त्या साहेबांना आईच्या गुडघ्याबद्दल खरंच आस्था असणार. बाहेरच्या तीस जणांची कामंही ते खरंच करत असणार, ॲडमिशन, रेशन कार्ड, पोलीस स्टेशन. त्यांच्या जिव्हाळ्यात खोट नाहीये. फक्त तो जिव्हाळा वहीत मांडून ठेवलेला असतो. सरनाईकांनी नेमकं हेच दाखवलंय, आणि हे दाखवायला खर्जातलं हसू उपयोगाचं नाही.

मी सीनियरला नाही म्हणून कळवलं. त्याने 'विचार कर' असं म्हणून सहा दिवस दिले, मी सहाव्या दिवशीही नाहीच म्हटलं. आईला सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. आकडा ऐकून हात थांबला. मग म्हणाली, 'गुडघा माझा आहे. त्याचं कुणाला काही देणं लागायला नको.' ऑपरेशन पुढे ढकललंय, दिवाळीनंतर बघू.

खरं सांगू? यात मी काही फार मोठं केलंय असं मला वाटत नाही. उलट दिगू टिपणीस मला झोपू देत नाही. सिनेमाच्या शेवटी खुर्ची जिवाजीरावांकडेच राहते आणि सगळं आतून बघितलेला दिगू वेड लागल्यासारखा हसत सुटतो. निळू फुल्यांचं ते हसणं ऐकवत नाही. त्याने कुणाचे पैसे घेतले नव्हते, तो विकला गेला नव्हता. तरीही ते त्याच्या वाट्याला आलं. म्हणजे नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही. सगळं माहीत असणं आणि त्याचं काहीच न करणं, यानेही माणूस आतून जातो.

म्हणून टँकरचा दुसरा भाग लिहायला घेतला. भर उन्हात तीन पहाटे आणि चार दुपारी टँकर मोजले, सोसायट्यांच्या पावत्या जमवल्या, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकले. एका संपादकांनी 'सध्या नको' म्हटलं, दुसऱ्यांनी निम्मा करून छापला. त्या दिवशी दुपारी साहेबांच्या नंबरवरून मेसेज आला: 'वाचलं. छान.' आणि हात जोडलेला इमोजी.

मी तो मेसेज अजून डिलीट केलेला नाही. उत्तरही दिलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, आजच्या काळात असे जिवाजीराव उरलेत कुठे? 2019 च्या नोव्हेंबरमध्ये आपण डोळे चोळत पहाटेचा शपथविधी टीव्हीवर बघितला. 2022 च्या जूनमध्ये सुरत-गुवाहाटीचं हॉटेल लाइव्ह बघितलं. सगळं उघड, सगळे जोरात, प्रत्येकाच्या तोंडासमोर दहा माइक. कारस्थान आता बंद दाराआड राहिलेलंच नाही, असं वाटतं खरं. पण कॅमेऱ्यासमोर जो ओरडतो, तोच ठरवतो असं थोडंच आहे? माइकसमोरच्या माणसाला आपण नावानिशी शिव्या देतो, त्याच्यावर मीम बनवतो. फोन उलटा ठेवून ऐकणारा माणूस मीममध्ये येत नाही.

नाना पाटेकर, जे 'सिंहासन'मध्ये कोपऱ्यात होते, त्यांनी 2011 मध्ये 'देऊळ'मध्ये भाऊ रंगवला. गावातला पुढारी, चेष्टामस्करी करणारा, आपलासा. तोही आवडतो, आणि देवळाच्या धंद्यात तोही अलगद शिरतो. सरनाईकांची परंपरा अगदीच खंडित झाली नाही म्हणायची.

तेव्हा या वीकेंडला वेळ काढा आणि 'सिंहासन' बघा. संवाद पाठ असतील तर उत्तमच, तिकडे लक्ष द्यायची गरज नाही. दुसरा कुणी बोलत असेल तेव्हा सरनाईकांकडे बघा. आणि सोमवारी ऑफिसात कुणी तुम्हाला कॉफीला घेऊन गेलं, तुमचं बोलणं मनापासून ऐकलं आणि मग गप्प बसलं, तर कॉफी जरूर प्या.

गप्प मात्र तुम्हीही बसा.